गडगडाट पार्टीच्या टेम्पोमागून

मे महिन्यात लोक पोलादपूरवरून महाबळेश्वरला जातात. मी यंदा पोलादपूरपर्यंत गेलो आणि पुढे एका टेम्पोबरोबर भलतीकडेच वळलो. टेम्पोवर 'गडगडाट बेंजो पार्टी' अशी पाटी होती, पाटीभोवती लुकलुकणारे दिवे होते आणि मागच्या फळीवर पाय सोडून माझा बालमित्र मंगेश बसला होता. पाटीवरही त्याचाच फोटो होता, काळा चष्मा लावलेला.

परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, "सुट्टी कुठे काढलीत?" मी नुसतं "गावी" म्हणालो. खरं सांगायचं तर मी जळायला गेलो होतो. पनवेलला घरबसल्या मोबाइलवर जळणं चालूच होतं, पण ते पुरेनासं झालं. माझा मुलगा मंगेशचे व्हिडिओ बघतो. जेवताना तर हटकून बघतो. एकदा म्हणाला, "बाबा, हे खरंच तुमच्या वाडीतले? तुम्ही ओळखता यांना?" मी म्हटलं, "तो मला ओळखतो." बायको भाजी वाढता वाढता हसली, आणि तेव्हापासून आमच्या घरात ते वाक्य कुणाच्याही बाबतीत वापरतात. मग एप्रिलमध्ये मंगेशचाच फोन आला. "सुन्या, ये रे यंदा. पहिल्यासारखं फिरू." मी बघतो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

ज्यांनी बेंजो ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेंजो ही एक लांबट लाकडी पेटी असते. वर टाईपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. पट्टा लावून ती गळ्यात अडकवतात. मागे ढोल, ताशा, ट्रम्पेट, हल्ली कीबोर्डसुद्धा. पण मान बेंजोवाल्याचा. तो चाल उचलतो आणि बाकीचे त्याच्या मागून धावतात. लग्न असो, हळद असो, जयंतीची मिरवणूक असो, महाड-पोलादपूरकडे बेंजो नसेल तर कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. वाजवणं एवढं जलद असतं की नाचणाऱ्याला विचार करायला सवड मिळत नाही, आणि तेच त्यातलं सुख आहे.

मी आणि मंगेश पंधरा-सोळा वर्षांचे असताना गडगडाट पार्टीच्या मागे उन्हाळाभर हिंडायचो. आता पार्टी मंगेशची आहे, तेव्हा बापूमास्तरांची होती. कुठे सुपारी आहे, म्हणजे कुठे वाजवायला बोलावलंय, ते मास्तरांच्या घरावरून पाणी भरायला जाणाऱ्या बायकांकडून कळायचं. मग मिळेल त्या वाहनाने जायचं. एसटी, रेतीचा डंपर, नाहीतर चालत. लग्नात नवरीकडच्यांना आम्ही नवऱ्याकडचे सांगायचो, नवऱ्याकडच्यांना नवरीकडचे, आणि दोन्ही पंगतींना जेवायचो. एकदा दोन्हीकडचे मामा एकाच वेळी समोर आले तेव्हा मंगेशने सरळ "आम्ही भटजींबरोबर आलोत" असं सांगितलं. भटजींनी आमच्याकडे पाहिलं आणि वाद नको म्हणून मान डोलावली.

चाल आधी मला पाठ व्हायची. एकदा ऐकली की झालं. शाळेत बाकावर माझी बोटं चालायची आणि पोरं ओळखायची, कुठलं गाणं ते. हे मी सांगतो कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पुढे पार्टीचा बेंजोवाला नोकरीला मुंबईला गेला. बापूमास्तरांनी वाडीत विचारलं, त्या दोन पोरांतला एक द्या. त्या आठवड्यात मी डोंबिवलीला आत्याकडे होतो, कॉम्प्युटरच्या क्लासला. परत आलो तो मंगेश चमकणारा शर्ट घालून टेम्पोत बसलेला. मला बघून त्याने हात केला. मीही केला. मी डोंबिवलीला नसतो तर त्या टेम्पोत मी असतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. वीस वर्षं झाली, ते हललेलं नाही.

महाड

आमची वाडी महाडपासून हाकेच्या अंतरावर, नदीपलीकडे. भीमजयंती आमच्याकडे एप्रिलमध्ये एकदा होते आणि मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पुन्हा एकदा होते. मुंबईकरांशिवाय वर्गणी नाही आणि वर्गणीशिवाय बेंजो नाही. मी पोचलो त्या दिवशी ही दुसरी जयंती होती. समाजमंदिराच्या अंगणात पुऱ्या तळणं चाललं होतं. बटाटा-वाटाण्याच्या भाजीचं पातेलं एवढं मोठं की ढवळणारा माणूस बाकावर उभा होता.

कढईपाशी बसलेल्या शांताकाकीने मला निरखून पाहिलं. "सुन्या ना रे तू? पनवेलला असतोस तो?"

"हो काकी."

"अगो बाय, बारीक होतास रे! आता केवढा झालास." मग लगेच, "मंगेशला भेटलास काय? काल टीव्हीवाले आलते त्याच्याकडं."

टीव्हीवाले म्हणजे मोबाइलवर चॅनल चालवणारा एक मुलगा, हे मला नंतर कळलं. पण तोवर मी हातातल्या पुरीचे तुकडे तुकडे केले होते.

मंगेश औषधांच्या कारखान्यात आहे, एमआयडीसीत. त्याचे साहेब लग्नसराईत त्याची पाळी बदलून देतात, कारण साहेबांच्या पुतण्याच्या हळदीला हाच वाजवणार आहे. मी सुट्टी मागितली तेव्हा माझ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "कुणी आजारी आहे का?" केस मंगेशने काळेभोर केलेत, गळ्यात जाड साखळी आहे, आणि बोलताना तो मधेच थांबून कुणीतरी फोटो काढतंय का ते बघतो. माझे केस पिकलेत आणि माझा फोटो कुणी काढत नाही, त्यामुळे मला थांबावं लागत नाही.

दुपार कलल्यावर मिरवणूक निघाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायका पुढे, निळे झेंडे, मागे टेम्पो. मंगेशने भीमगीताची चाल उचलली आणि वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम पदर खोचले. मीही नाचलो. नाचताना एक डोळा त्याच्या बोटांवर होता. एका जागी त्याने बापूमास्तरांनी बसवलेली मुरकी गाळली आणि सरळ पुढे गेला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शेजारच्या माणसाला मी ओरडून सांगितलं, "चुकला!" तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काय नाय, नाचा."

पोलादपूर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलादपूरजवळच्या एका वाडीत हळद होती. पनवेलला हळद म्हणजे भाड्याचा हॉल, सगळ्यांना पिवळे कपडे आणि हुकूम सोडणारा फोटोग्राफर. "मावशी, हळद लावा. पुन्हा लावा. हसा." इथे आधी बायका जात्याला आणि मुसळाला हळद-कुंकू लावून घाणा भरतात. जात्यावर हात ठेवून गातात, आणि त्यांचं गाणं संपेपर्यंत बेंजो गप्प राहतो. पंधरा जणांची पार्टी हाताची घडी घालून उभी असते. ताशेवाल्याने चुकून टिपरी आपटली तेव्हा एका आजीने गाता गाताच त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने दोन्ही टिपऱ्या खिशात घातल्या. हे मला फार आवडलं. घटकाभर तरी मंगेशचं काही चालत नव्हतं.

माझी मात्र तिथे फजिती झाली. नवरीचा भाऊ घाईघाईने आला, माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाला, "जनरेटर मंडपामागं घ्या, धूर येतोय." मी सांगायला गेलो की मी पाहुणा आहे, तर तो केव्हाच पुढे गेलेला. मग ओढला जनरेटर. पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं. त्याच वेळी मंडपात एक बाई आपलं तान्हं बाळ मंगेशच्या मांडीवर ठेवून फोटो काढत होती.

जेवण मात्र वर्णन करण्याजोगं होतं. तांदळाची मऊ भाकरी, मटणाचा लाल रस्सा आणि कांदा हाताने फोडलेला. वाढणारी मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जनरेटरवाले, रस्सा घ्या अजून." मी घेतला. रश्शावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता.

सकाळी आम्ही दोघेच महामार्गावरच्या टपरीवर चहाला गेलो. ट्रक धडधडत जात होते. मंगेश वडापावातली मिरची बाजूला काढत होता, हा जुनाच खेळ, मग ती मिरची मी खायची. मी धीर करून विचारलं, "बापूमास्तरांनी तेव्हा तुलाच का घेतला रे?"

"तू नव्हतास ना गावात," तो म्हणाला.

"आणि असतो तर?"

"तर तुलाच घेतला असता की! तुझा कान चांगला होता. मास्तर पण म्हनायचे." त्याने मिरची माझ्या पुढ्यात ठेवली. "खा."

तो हे इतक्या सहज बोलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडला असता, फुशारकी मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. आता त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. तो चमकणारा शर्ट, टीव्हीवाले, ते बाळ, सगळं माझं होतं आणि एका कॉम्प्युटर क्लासपायी गेलं होतं. तो क्लास मी पुढे अर्धवटच सोडला.

कुडपण

शेवटची सुपारी कुडपणच्या बाजूला एका वाडीत, लग्नाची. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागायचं आणि तो सोडून डोंगरात शिरायचं. रस्ता असा वळतो की पुढचं गाव आधी उजवीकडे दिसतं, मग डावीकडे, मग दिसेनासंच होतं. मी टेम्पोत मागे ढोलाला टेकून बसलो होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणाला सकाळचा चहा वर आला, त्याच्यामागून वडापाव. टेम्पो थांबवला. पार्टीतल्या सगळ्यांनी आळीपाळीने माझी पाठ चोळली. ट्रम्पेटवाला म्हणाला, "शहरातल्या मानसाला घाट लागतो." मी ह्याच तालुक्याच्या शेजारचा आहे हे सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. ड्रायव्हरने मला पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि हातात लिंबू दिलं.

वर पोचलो आणि सगळं विसरायला झालं. वर पठार आहे, सपाट, वाऱ्याचं. नाचणीच्या शेतांची ढेकळं पावसाची वाट बघत पडलेली. समोर मकरंदगड, खाली दऱ्या, आणि मे महिन्यातही अंगावर काटा आणणारी हवा. रस्त्याच्या कडेला करवंदाच्या जाळ्या काळ्या झालेल्या. घरं थोडी आणि बरीचशी एरवी बंद असणारी, पण लग्नासाठी मुंबईकर आले होते, त्यामुळे प्रत्येक दारात चपलांचा ढीग होता.

टेम्पो थांबताच सगळी मंडळी सामान उतरवायला लागली. मंगेशने स्वतः स्पीकरचा मोठा खोका खांद्यावर घेतला. माझ्या डोक्यात घाट अजून फिरत होता. मी ग्रीसचा शर्ट बदलून धुतलेला पांढरा घातला होता, उलटीने लाल झालेले डोळे झाकायला गॉगल लावला होता, आणि मंडपात खुर्ची दिसली तिच्यावर जाऊन बसलो. कुणीतरी पाणी दिलं, मी प्यायलो.

तेवढ्यात नवऱ्याचे आजोबा आले. ताठ, धोतर नेसलेले, हातात टॉवेल, टोपी आणि विडा. या वाडीत पार्टीच्या मास्तरला असा मान देतात. मास्तर कोण हे विचारायची पद्धत नाही, विचारणं अपमानाचं. ओळखायचं. आणि ओळखायची खूण सोपी आहे, सगळे सामान उचलत असताना जो बसून राहतो तो मास्तर. आजोबा सरळ माझ्यापाशी आले. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, विडा हातात दिला आणि दोन्ही हात जोडले.

"मास्तर, आमच्या दारी आलाव, बरं वाटलं. करा सुरवात."

मी बोलायला तोंड उघडलं. समोर मंगेश खांद्यावर खोका घेऊन उभा होता. त्याच्या अंगावर घामाने चिकटलेला टीशर्ट, केसांचा काळा रंग कपाळावर ओघळलेला. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

पुढचं मला ठाऊक नव्हतं. इथे ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याने पहिली चाल एकट्याने वाजवायची. ढोल नाही, ताशा नाही. एकट्याचा बेंजो ऐकून देव उठतो असं मानतात, आणि मग सगळ्यांनी वाजवायचं. मंगेशने खोका खाली ठेवला. बेंजो काढला, टॉवेलाने पुसला आणि पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. मला वाटलं, आता कानात काहीतरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, "सलामीची चाल. तुला येतेच."

येतच होती. गेल्या वीस वर्षांत मी ती ऑफिसच्या टेबलावर, गाडीच्या स्टिअरिंगवर, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर वाजवलेली आहे. मी तार छेडली आणि पहिली ओळ निघाली. स्वच्छ निघाली! मंडपातली माणसं पुढे सरकली. एका बाईने मुलाला कडेवर उचलून घेतलं, दिसावं म्हणून. त्या एका ओळीत मी काय काय झालो ते आता लिहायला लाज वाटते. पाटीवरचा फोटोसुद्धा मी बदलून टाकला.

दुसऱ्या ओळीला चाल वर चढते आणि उजवा हात दुप्पट चालावा लागतो. डाव्या हाताची बोटं नेमक्या बटणांवर गेली. उजवा हात गेला नाही. टेबलावर आणि स्टिअरिंगवर उजव्या हाताला कधी काम पडलंच नव्हतं. तारांतून नुसतं खर्रर्र असं आलं. मी पुन्हा ओळ धरली, पुन्हा तिथेच आलो, पुन्हा खर्रर्र. मागच्या गोठ्यात म्हैस ओरडली ती सगळ्यांना ऐकू गेली. बाईने मुलाला खाली ठेवलं.

तिसऱ्यांदा अडकायच्या आत मंगेश बाजूला येऊन उभा राहिला. त्याने वाकून माझ्यापुढे हात जोडले, पट्टा माझ्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातला आणि जिथे मी थांबलो होतो तिथूनच चाल उचलली. जणू मास्तरने दोन ओळी वाजवून चेल्याच्या हाती द्यायच्या, अशीच पार्टीची रीत. ढोल त्याच्यामागे पडला, ताशा पडला, ट्रम्पेट किंचाळला आणि आख्खी वाडी नाचायला लागली. आजोबाही नाचले, धोतराचा सोगा हातात धरून. मी टोपी घालून उभा होतो. बापूमास्तर मला नेते, तर पहिल्याच लग्नात परत पाठवते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी डोंबिवलीला असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

लग्न लागलं. पंगती बसल्या. नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आणि मुंबईकरांनी आणलेले गुलाबजाम. मास्तर म्हणून मला आजोबांशेजारी पाट मिळाला आणि पार्टी समोरच्या ओळीत बसली. नवऱ्याची आजी स्वतः वाढायला आली. माझ्या पानात तिने तूप ओतलं, ओततच राहिली, आणि मंगेशकडे मान उडवून म्हणाली, "मास्तर, चेला ब्येस तयार केलाव हां. तुमी सांगितलंव म्हनून वाजवतो त्यो."

समोरच्या ओळीतले सगळे घास हातात धरून थांबले. नाही म्हणायला एवढी चांगली वेळ मला परत मिळणार नव्हती. आजोबा माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हणालो, "हो."

ट्रम्पेटवाल्याने मंगेशकडे पाहिलं. ढोलवाल्याचा चेहरा बदलला. मी पानाकडे बघत राहिलो, तुपाकडे. आता हा काय बोलेल ते बोलेल, आणि जे बोलेल ते बरोबरच असेल, असं मला वाटलं.

"आजी," मंगेश भाकरी मोडत मोठ्याने म्हणाला, "लय मार खाल्लाय ह्या मास्तरचा. एक बटन चुकलं की कानाखाली. आजून भ्या वाटतं बघ."

आजी खदखदून हसली. मग पार्टीही हसली. मंगेशने मला डोळा मारला नाही, टोमणा मारला नाही, तो नुसता पिठल्यात भाकरी बुडवून जेवायला लागला. आयुष्यात त्याला मी काही म्हणजे काहीही शिकवलेलं नाही.

मंगेशचा मला वीस वर्षं हेवा वाटत आला, पण त्या पंगतीत वाटला तितका कधीच वाटला नव्हता.